फेस बसेपर्यंत

बाबा, आज मी तुमच्या काट्यावर गेले होते. कामासाठी गेले, आठवण म्हणून नाही. गोंदिया रोडवरचा तो गाड्या तोलायचा धरमकाटा बरीच वर्षं बंद पडला होता. फाटकाला कुलूप, ट्रक चढायचा त्या लोखंडी प्लॅटफॉर्मच्या फटीतून वर आलेलं गवत. आता शेजारच्या राइस मिलच्या नव्या मालकाने तो पुन्हा सुरू केला आहे. तुमच्या वेळची दांडी काढून टाकली, वजन लाल आकड्यांत दिसतं. मी ज्या कंपनीत आहे ती असे काटे बसवते आणि तपासून देते, आणि तपासायचं काम माझं आहे. हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते, आणि तुमच्या मते मी जबलपूरला जाऊन इंजिनीअर होणार होते, कारण तुमच्या बिअरच्या गिलासात माझ्यासाठी दर वेळी रेलगाडी निघायची. मी कुठे गेले नाही. इथल्याच पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला. कंपनीच्या पिकअपमध्ये प्रमाणित वजनं टाकून खैरलांजीपासून हट्ट्यापर्यंत फिरते. लोक आधी पिकअपच्या ड्रायव्हरला ‘साहब’ म्हणतात, मग त्यांना कळतं की सही माझी लागते.

काम निम्म्यावर आलं होतं तेव्हा मिलचे मुन्शी काका आले. तुमचे मुन्शीजी. ते अजून तिथेच बसतात, वाकलेत, ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने बोलतात. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कानात पेनाचं टोक घालून खाजवलं आणि विचारलं, “तू आपल्या काटेवाल्याची पोरगी ना वं?”

“हौ, काका.”

“बापासारखीच उभी राह्यतं. कमरेवर हात ठेवून. दुरून पाह्यलं तं मले वाटलं, हा काहून आला आता परत!” स्वतःच्याच बोलण्यावर ते खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी चहा मागवला, आणि चहा पिताना तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली. मला ती ठाऊक असेल अशा समजुतीने सांगितली. मला ठाऊक नव्हती. तिच्यामुळेच हे लिहायला बसले आहे, पण ती आधी सांगून चालणार नाही. मोजायच्या आधी रिकाम्या काट्यावर शून्य पाहायचं, हे तुमचंच शिकवणं आहे.

तेव्हा आधी रविवार. रविवारी काटा दुपारी बंद व्हायचा. तुम्ही घरी येऊन आंघोळ करायचात, जेवायचात, आणि मग आईच्या परवानगीत जेवढं बसत होतं तेवढं व्हायचं: एक बाटली, तीही बिअरचीच, आणि मागच्या आंगणात, कढीपत्त्याच्या झाडाजवळ, घरात नाही. गिलास काचेचाच लागायचा. आईला लग्नात मिळालेल्या सहा गिलासांतले तीन उरले होते, त्यातला एक तुम्ही आपला करून घेतला होता. ओतायचं काम माझं. गिलास तिरपा धरायचा, धार काचेवरून सोडायची, अर्ध्यावर आला की सरळ करायचा, म्हणजे वर दोन बोटं फेस येतो. सातवीत असल्यापासून मला हे बिनचूक जमत होतं. मला त्याचा अभिमान होता, हे आज लिहायला बरं वाटत नाही.

तुम्ही सावकाश प्यायचात. घोटागणिक फेस खाली उतरायचा आणि काचेवर मागे राहायचा. गोल, तुटक्या रेषा, ठिपके, जाळी. गिलास रिकामा झाला की खेळ सुरू. ज्याचं पाहायचं त्याने डाव्या हाताने गिलास एकदा फिरवायचा, मग तुम्ही तो उन्हाकडे धरायचात. वरचा भाग या वर्षाचा, मधला पुढच्या वर्षांचा, तळाचा म्हातारपणाचा. कुणी घाई केली की तुमचं ठरलेलं, “फेस बसू द्या. हलत्या फेसाचं सांगत नसतात.” हे वाक्य तुम्ही काट्यावरून घरी आणलं होतं. तिथे दांडी थरथरत असताना वजन बोलायचं नाही असा तुमचा नियम होता. धानाचा ट्रक असो की भंगाराची गाडी, तुम्ही दांडी पूर्ण थांबेपर्यंत तोंड उघडत नव्हता. घरी तीच शिस्त तुम्ही फेसाला लावली होती आणि आम्हाला ते फार गमतीचं वाटायचं. पीत तुम्ही होता, भविष्य आमचं निघायचं.

भिंतीपलीकडच्या काकूंना या सगळ्याचा राग होता, आणि त्या एकही रविवार चुकवत नव्हत्या. “काय भाऊ, झालं का पंचांग पिऊन?” असं म्हणत त्या भिंतीवर कोपरं टेकवायच्या.

“या ना वयनी. तुमचंच राह्यलं आज.”

“मी नाई पाहात त्या नासक्या गिलासात.” मग जरा थांबून, “बरं, माह्या पोराचं लगन निघते का, तेवढं पाहा.”

तुम्ही गिलास उन्हाकडे धरता, एक डोळा मिटता. “निघते ना. हे पाहा, मांडव. नवरीबी उभी हाये. नवरदेव नाई दिसून राह्यला पन.”

“तो झोपला असन घरी! बारा वाजेपावतर उठते का तो?” आणि काकू इतक्या हसतात की आतून आई विचारते, काय झालं.

आईसाठी नेहमी घर निघायचं. स्लॅबचं, वर दोन खोल्या, जिना बाहेरून. एकदा भांडी घासता घासता तिने मान वर न करता म्हटलं, “मांगच्या इतवारीबी घरच होतं. बांधता कधी?” तुम्ही म्हणालात, “फेसाचं हाये, जरा टाइम लागते.” आम्ही तिघंही हसलो होतो. ते घर अजून फेसाचंच आहे. आई आणि मी त्याच दोन खोल्यांत राहतो, पावसाळ्यात मागची भिंत ओली होते.

मागच्या वर्षी कंपनीने मला ट्रेनिंगसाठी इंदूरला पाठवलं होतं. शेवटच्या दिवशी सगळे हॉटेलात जेवायला गेलो. मी पीत नाही. माझ्या शेजारच्या मुलीने आपला मग माझ्यापुढे धरला, “देखो, हार्ट बना है!” मी तिला सांगितलं की बिअरमधल्या प्रथिनांमुळे फेस काचेला धरून राहतो, घोट घेण्यात जेवढा वेळ जातो त्याप्रमाणे त्याचे पट्टे पडतात, आणि काच जरा जरी तेलकट असली तर तो चिकटतच नाही, सगळा घसरून जातो. म्हणजे आकार पिणाऱ्याचा आणि काचेचा असतो, भविष्याचा नसतो. ती म्हणाली, “यार, तुम पूरा मज़ा ख़राब कर देती हो.” तिचं बरोबर होतं. तेलाबद्दल मी जरा जास्तच बोलले होते.

आता काट्यावरचा तो एक दिवस. मी नऊ वर्षांची असेन. सुट्टी होती म्हणून तुमच्याबरोबर आले होते. धानाचा ट्रक वर उभा, तुम्ही आत दांडी सरकवताय, आणि मी मागून येऊन प्लॅटफॉर्मच्या कोपऱ्यावर चढले आणि उड्या मारायला लागले. दांडी थांबेना. तुम्ही बाहेर आलात, मला पाहिलंत. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही मला खाली उतरवलं, ट्रक मागे घ्यायला लावला, पुन्हा चढवला, पुन्हा वजन केलं, ड्रायव्हरची माफी मागितली. मग माझ्यासमोर उकिडवे बसून इतक्या थंड आवाजात बोललात की मार बरा वाटला असता. “काट्यासंग मजाक नाई करत, बेटा. काटा बिचारा जे ठेवलं ते सांगते. त्याले काय मालूम, पाय कोनाचा हाये.” दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. संध्याकाळी घरी निघताना खिशातून पन्नास ग्रॅमचं पितळी वजन काढून माझ्या हातावर ठेवलंत. ते माझ्याकडे आहे. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा मी तेच तपासलं. घासून किंचित हलकं झालं आहे.

मी अकरावीत गेले त्या उन्हाळ्यात तुमचे डोळे पिवळे दिसायला लागले. रविवारची बाटली एकच राहिली होती, पण आता काट्यावरून घरी आलात तरी वास यायचा, आणि ते आम्ही तिघंही बोलत नव्हतो. एकदा धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात मला गोंदियाच्या डॉक्टरचा कागद सापडला. घडीवर घडी पडून मऊ झालेला, म्हणजे बरेच दिवस खिशात फिरलेला. दारू पूर्ण बंद. नागपूरला मोठ्या डॉक्टरला ताबडतोब दाखवणे. खाली त्या डॉक्टरचं नाव आणि वेळ, पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. मी तो कागद आईला दिला. तिने वाचला नाही, नुसता घेतला. तिला माहीत होतं. त्या रात्रीच्या जेवणाला ती तुम्हाला म्हणाली, “जाता ना शुक्रवारी?”

“पाहू.”

“पाहू काय? का गिलासात पाहून सांगता?”

तुम्ही हसलात. “हौ. इतवारी पाहतो ना काय निघते ते. माहावाला कधी पाह्यलाच नाई.”

ते खरं होतं. तुम्ही स्वतःचं कधी पाहत नव्हता. आपलं आपण पाहायचं नसतं, असा नियम तुम्हीच केला होता. आई ताट उचलून आत गेली. तिला तो टोमणा वाटला होता, तुम्हाला विनोद. मला ती सूचना वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आईजवळ स्वयंपाकघरात बसले होते. चुलीवर गंजात भात शिजत होता, पेजेला फेस आला आणि झाकण उचलायला लागला. आईने बोट तेलात बुडवून एक थेंब गंजात सोडला. फेस जागच्या जागी बसला. हे मी शंभरदा पाहिलं असेल. त्या दिवशी मी विचारलं, “काहून बसते?” आई म्हणाली, “तेलाले भेते.” पुस्तकात याचं कारण वेगळं आहे, पण मला तेवढं पुरलं.

माझा तर्क असा होता. काच तेलकट असली तर फेस चिकटणार नाही आणि काच कोरी राहील. तुमच्या गिलासात कधीच कोरी काच निघाली नव्हती. कुणाला घर, कुणाला मांडव, अगदी मेलेल्या म्हशीच्या बदल्यात नवी म्हैस, काही ना काही निघायचंच. स्वतःची काच कोरी पाहून तुम्ही घाबराल, आणि घाबरलेला माणूस डॉक्टरकडे जातो. तर्काचा पहिला भाग बरोबर होता.

रविवारी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी फळीवरून तुमचा गिलास काढला. एक थेंब. बोटाने आतून सगळीकडे फिरवला, मग कोरड्या फडक्याने पुसला, म्हणजे दिसू नये. उन्हात धरून पाहिला. दिसत नव्हता.

तुम्ही खुर्चीवर बसलेले आहात. मी ओतते. फेस येतो आणि लगेच विरतो, दोन बोटं राहत नाही. तुम्ही गिलासाकडे पाहता, माझ्याकडे पाहत नाही. सावकाश पिता. भिंतीवर काकूंची कोपरं आली आहेत. आई दारात उभी आहे, ती सहसा येत नाही. प्रत्येक घोटाबरोबर जे थोडं पांढरं वर राहतं ते घसरत खाली जातं. गिलास रिकामा होतो. तुम्ही तो डाव्या हाताने एकदा फिरवता, उन्हाकडे धरता आणि थांबता. फेस बसण्याची वाट पाहताय असं वाटतं, पण बसायला फेसच नाही. मग तुम्ही हळू आवाजात मला एक प्रश्न विचारता आणि मी उत्तर देते. भिंतीपर्यंत ते ऐकू गेलं नसावं. त्या प्रश्नाकडे शेवटी येते.

“काय निघालं भाऊ?” काकू विचारतात.

“काई नाई.”

“काई नाई म्हंजे?”

“साफ हाये.”

“मंग चांगलंच हाये ना. पुढं काई झंझट नाई!”

तुम्ही हसलात, काकूंपेक्षा थोडं उशिरा. उठलात, बाटलीत उरलेली बिअर कढीपत्त्याच्या बुडाशी ओतली, गिलास स्वतः धुतला, राख लावून धुतला, आणि फळीवर पालथा घातला. त्यानंतर तुम्ही बिअरला हात लावला नाहीत. घरीही नाही, काट्यावरही नाही. मी रोज जवळ येऊन वास घेऊन पाहत होते.

शुक्रवारी सकाळी तुम्ही गोंदियाच्या गाडीला म्हणून निघालात, पुढे नागपूर. कागद खिशात, आईने दिलेला डबा पिशवीत. संध्याकाळी परत आलात, पाय धुतलेत, आणि आम्ही विचारायच्या आत म्हणालात, “लिव्हरले सूज हाये म्हन्ते. दारू सोडली तं उतरते. ते तं सोडलीच हाये मी.”

“डॉक्टर कसा होता?” आईने विचारलं.

“चांगला होता वं. चष्मा कपाळावर ठेवून बोलते, अन् कानात पेन घालून खाजवते. मोठा डॉक्टर, पन आदत आपल्यावानी.”

आई कितीतरी दिवसांनी हसली. तो डॉक्टर तिचा आवडता झाला. तुम्ही पोळ्यानंतर दहा दिवसांनी गेलात. पुढे कुणी तिला म्हणालं की वेळेवर नागपूरला न्यायला हवं होतं, तर ती सांगायची, गेले होते ते, तिथल्या मोठ्या डॉक्टरनंही पाहिलं होतं, कानात पेन घालायचा तो.

मी हे सगळं मनात एका पद्धतीने मांडून ठेवलं होतं, आणि तेरा वर्षं ती मांडणी टिकली. उशीर झाला होता. पण मी जे केलं ते लागू पडलं होतं. मी तुमची दारू सोडवली, मी तुम्हाला नागपूरला पाठवलं. पुढचं शरीराचं होतं, ते माझ्या हातात नव्हतं. मी हे कुणाला सांगितलं नाही. पण तुमच्यासाठी आईनं उपास केले, काकूंनी नवस बोलला आणि मी एक थेंब तेल लावलं, त्यातलं माझंच काय ते उपयोगी पडलं, असं मला वाटत आलं आहे. माझी सगळी शिस्त, सगळा कोरडेपणा, ज्याच्यामुळे माझ्याशी लोक जपून बोलतात, तो या एका समजुतीवर उभा आहे. भावना बाजूला ठेवून योग्य जागी योग्य गोष्ट केली की परिणाम होतो.

आज मुन्शी काका बशीत चहा ओतत म्हणाले, “थो शुक्रवार मले आजबी याद हाये. घरून नागपूरले म्हनून निघाला, अन् इथं येऊन बसला. दिवसभर. मी म्हनलं, अबे, गाडी गेली ना तुही! तं म्हन्ते कसा, ‘जाऊन काय करू, मुन्शीजी? माहा गिलास साफ निघाला.’ मी म्हनलं, पागल है क्या? हासला नुसता. डबा आम्ही दोघांनी मिळून खाल्ला. तुह्या मायनं भरलेलं वांगं देल्लं होतं त्यात. गाडीची टाइम झाली तवा नळावर तोंड धुतलं, अन् गेला घरी.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पेन कानात घातलं. “सांगतलं असंल ना तुले?”

“हौ,” मी म्हटलं.

मग मी उठून काट्याच्या उरलेल्या दोन कोपऱ्यांवर वजनं ठेवून पाहिली. वजन तेच, आकडा तोच. सही केली.

बाबा, मला तुमच्याकडून एक गोष्ट समजून घ्यायची आहे, आणि ती मिळणार नाही हे कळत असूनही मी चिडले आहे. तुम्ही आमच्याशी खेळत होता की मानत होता? आईचं घर खोटं, काकूंचा मांडव खोटा, माझी रेल खोटी, आणि फक्त तुमची कोरी काच खरी? शिकलेल्या माणसाने सही करून दिलेला कागद तुम्ही मऊ होईपर्यंत खिशात फिरवलात आणि पटवून घेतला नाहीत. एका रिकाम्या गिलासाचं तुम्हाला एका दुपारी पटलं. मग दुसरी शक्यता उरते, आणि ती मला जास्त खरी वाटते: तुम्हाला नागपूरला जायचंच नव्हतं. तुम्ही भीत होता. भिणाऱ्याला न जाण्यासाठी काहीतरी कारण लागतं, आणि ते मी स्वच्छ पुसून तुमच्या हातात दिलं. तसं असेल तर दोष तुमचा. तसं नसेल तर माझा. कोणतं खरं हे ठरवायला माझ्याकडे काही नाही, आणि जे मोजता येत नाही त्यावर मी मत देत नाही. पण डबा तुम्ही खाल्लात. आईने पहाटे उठून वांगी भरली होती, आणि तुम्ही ती काट्यापासून तीस पावलांवरच्या मिलमध्ये बसून खाल्लीत, आणि घरी येऊन तिला मुन्शी काकांचं वर्णन करून दिलंत, डॉक्टर म्हणून. तेरा वर्षं ती त्या डॉक्टरचं कौतुक करते आहे. ते मी माफ करू शकत नाही, आणि तुमची बाजू घ्यायला तुम्ही इथे नाही.

घरी आले तेव्हा आई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तुमचा गिलास तिने तांदूळ मोजायला काढला आहे. तिघांसाठी दोन लागायचे, आता दोघींना सव्वा लागतो.

“कसा हाये काटा?” तिने विचारलं.

“बरोबर आहे.”

“मुन्शी भेटला?”

“भेटले.”

“काय म्हने?”

“काही नाही. चहा पाजला.”

ती गिलास काठोकाठ भरून वरून हाताने सपाट करत होती. “मरतपर्यंत त्याले चहाच लागन,” ती म्हणाली. “तुह्या बापाचा तेवढाच एक दोस्त होता.” मी तिला काही सांगितलं नाही. सांगणारही नाही. तिच्याकडचा डॉक्टर मी काढून घेणार नाही, आणि हे मी तिच्यासाठी करते आहे असं म्हणायलाही मला जागा नाही, कारण डॉक्टर गेला की लगेच गिलासाचं बोलावं लागेल.

हे कागद मी माझ्या टेबलाच्या कप्प्यात, तुमच्या पितळी वजनाखाली ठेवणार आहे. त्याआधी तो प्रश्न.

तुम्ही कोरी काच पाहिलीत आणि आधी काकूंना उत्तर दिलं नाहीत. आकडा विचित्र आला की आधी काट्यावर शंका घ्यायची, मालावर नाही. ते तुम्ही रोज करत होता आणि तेव्हाही तेच केलंत. माझ्याकडे वळलात. तुमचे डोळे पिवळे होते. विचारलंत, “गिलास बरोबर धुतला होता ना, बेटा?” काट्यावर कुणाचा पाय तर नाही ना, एवढंच तुम्ही विचारत होता. मी म्हटलं, “हौ, बाबा.” तुम्ही पुन्हा विचारलंत, “पक्का?” मी पुन्हा हौ म्हटलं. त्यानंतर तुम्ही काकूंना सांगितलं की साफ आहे.

मी आजवर असं धरून चालले होते की तो खोटेपणा योजनेचाच भाग होता, तुम्हाला डॉक्टरकडे पाठवण्यासाठी केलेला. दुपारपासून मी तो क्षण पुन्हा पुन्हा तपासते आहे, आणि त्यात योजना सापडत नाही. त्या क्षणी मला डॉक्टर आठवला नव्हता, शुक्रवार आठवला नव्हता. तुम्ही पुन्हा त्या थंड आवाजात बोलाल आणि दिवसभर माझ्याशी बोलणार नाही, एवढंच डोक्यात आलं. मला बोलणी खायची नव्हती, बाबा.